डॉक्समधले तुटलेले क्रॉस-रेफरन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायब्ररीची डॉक्स सांभाळणाऱ्यांकडून आणि त्यात पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक स्फिंक्सबद्दल (पायथन प्रोजेक्टची डॉक्स बनवणारं टूल) आहेत, कारण विचारणारे बहुतेक पायथनवाले. बाकीच्या टूलसाठी थेट प्रश्न १८ वर जा. कमांड, रोल आणि सेटिंगची नावं आपण बोलताना म्हणतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये जातात.

१. क्रॉस-रेफरन्स म्हणजे साधी लिंकच ना? मग तो ‘तुटतो’ म्हणजे वेगळं काय होतं?

साध्या लिंकमध्ये तुम्ही पत्ता लिहिता. क्रॉस-रेफरन्समध्ये फक्त नाव लिहिता आणि पत्ता शोधायचं काम टूलवर सोडता. स्फिंक्स आधी सगळ्या फाइली वाचून काढतो, त्यात दिसलेला प्रत्येक क्लास, फंक्शन, लेबल आपल्या वहीत नोंदवतो, आणि मग तुम्ही लिहिलेलं नाव त्या नोंदींत शोधतो. सापडलं नाही की रेफरन्स तुटला.

म्हणजे भांडण जवळजवळ नेहमी एकच असतं: तुम्ही लिहिलेलं नाव एक, वहीत नोंदलेलं नाव दुसरं. त्यामुळे अंदाजाने स्पेलिंग बदलत बसण्याआधी वही उघडून बघा. ती कशी उघडायची ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. बिल्ड हिरवा आहे, एकही वॉर्निंग नाही. तरी पानावर क्लासचं नाव नुसतं कोडसारखं दिसतं, क्लिक होत नाही. का?

कारण स्फिंक्स मुद्दाम गप्प बसतो. ‘क्लास’, ‘फंक’, ‘मेथ’ असे पायथनचे रोल (नाव कुठल्या प्रकारचं ते सांगणाऱ्या खुणा) वापरले आणि नाव सापडलं नाही, तर तो नाव कोडच्या अक्षरात छापून पुढे जातो आणि तक्रार करत नाही. ‘रेफ’, ‘डॉक’ आणि ‘टर्म’ या रोलचं तसं नाही. ते तुटले की वॉर्निंग येतेच. या भेदामुळे लोक फसतात. लेबल तुटल्यावर ओरडणारं टूल क्लास तुटल्यावरही ओरडेल, अशी आपली समजूत होते.

त्याला बोलतं करायचं तर निटपिकी मोड चालू करा. बिल्डच्या कमांडला लहान ‘एन’ चा पर्याय द्या, किंवा कॉन्फ फाइलमध्ये ‘निटपिकी’ ची किंमत ट्रू ठेवा. मी दुसरंच सुचवेन. कमांडला दिलेला पर्याय पुढचा माणूस विसरतो.

३. निटपिकी चालू केला आणि शेकडो वॉर्निंग कोसळल्या. आता सुरुवात कुठून करू?

पहिल्या ओळीपासून तर नकोच. आधी लहान ‘डब्ल्यू’ चा पर्याय देऊन सगळ्या वॉर्निंग एका फाइलमध्ये उतरवा. मग त्यातलं फक्त न सापडलेलं नाव काढून सॉर्ट करा आणि प्रत्येक नाव किती वेळा येतं ते मोजा. शेकडो वॉर्निंगच्या मागे बऱ्याचदा मूठभर नावं निघतात.

वरच्या नावांमध्ये साधारण तीन जाती दिसतील. पहिली जात इम्पोर्टची. एखादं मॉड्यूल बिल्डच्या वेळी इम्पोर्टच झालं नाही, तर ऑटोडॉक (कोडमधल्या डॉकस्ट्रिंगवरून पानं बनवणारा स्फिंक्सचा भाग) ते अख्खं गाळतो आणि त्याच्याकडे जाणारा प्रत्येक रेफरन्स तुटतो. लॉगमध्ये वर कुठेतरी इम्पोर्ट फसल्याची एकच वॉर्निंग असते, तीच मूळ. राहिलेली डिपेंडन्सी इन्स्टॉल करा किंवा ऑटोडॉकच्या मॉक इम्पोर्टच्या यादीत टाका; खालचा सगळा ढीग एका फटक्यात जातो. दुसरी जात डॉकस्ट्रिंगमधल्या बोलीभाषेची: पॅरामीटरच्या प्रकारात ‘ऐच्छिक’, ‘अ‍ॅरेसारखं काहीतरी’ असे शब्द इंग्रजीत लिहिलेले असतात आणि टूल त्यांनाच क्लास समजून शोधत फिरतं. डॉकस्ट्रिंग वाचणाऱ्या नम्पायडॉक आणि नेपोलियन या दोन्ही एक्स्टेंशनमध्ये अशा शब्दांसाठी वेगळी सेटिंग आहेत. तिसरी जात परक्या लायब्ररींची, त्याबद्दल प्रश्न ९.

हे तीन ढीग हलले की उरतात त्या खऱ्या चुका. त्या एकेक करूनच जातात.

एवढं एका दमात होणार नसेल तर सीपायथनच्या (पायथनच्या मूळ अंमलबजावणीच्या) रेपोमधली पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे डॉक्सच्या टूल्स फोल्डरमध्ये ‘डॉट निटइग्नोर’ नावाची फाइल आहे, ज्यांच्यात अजून वॉर्निंग आहेत अशा फाइलींची यादी. यादीबाहेरच्या फाइलीत एकही नवी वॉर्निंग चालत नाही. कुणी एखादी फाइल स्वच्छ केली की तिचं नाव यादीतून काढायचं. यादी अक्षरांच्या क्रमाने लावलेली ठेवा अशी सूचना फाइलीच्या वरच आहे, म्हणजे मर्ज कॉन्फ्लिक्ट टाळायला मदत व्हावी. एवढा विचार कुणीतरी हात पोळल्याशिवाय करत नाही.

४. ‘अनडिफाइंड लेबल’ असं येतंय, पण लेबल तर माझ्या डोळ्यांसमोर आहे!

नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अनुभवातल्या नव्वद टक्के वेळा, अंडरस्कोअर. लेबल लिहिताना पुढे अंडरस्कोअर आणि शेवटी कोलन लागतो. त्याला बोलावताना दोन्ही नको.

```
.. _सुरुवात-कशी:

सुरुवात कशी करावी
------------------

अधिक माहितीसाठी :रेफ:`सुरुवात-कशी` पाहा.
```

लेबलचा कोलन विसरला तर ती ओळ साधी कॉमेंट बनते आणि चक्क गायब होते. डोळ्यांना दिसते, टूलला दिसत नाही.

दुसरं कारण: लेबलनंतर लगेच शीर्षक नाही. मध्ये एखादा परिच्छेद आला तर लेबल नोंदलं जातं, पण लिंकवर काय लिहायचं हे टूलला कळत नाही, आणि शीर्षक सापडलं नाही अशी वेगळी वॉर्निंग येते. तिथे दाखवायचा मजकूर स्वतः द्या आणि लेबल कोनी कंसात टाका.

तिसरं: लेबल पूर्ण प्रोजेक्टमध्ये एकच लागतं, फक्त त्या फाइलीत एकच असून भागत नाही. ‘उदाहरणं’ असं लेबल चार फाइलींत असेल तर तुमची लिंक त्यातल्या भलत्याच फाइलीत जाईल. शीर्षकांवरून आपोआप लेबल बनवणारं ऑटोसेक्शनलेबल वापरत असाल, तर फाइलीचं नाव पुढे लावायचं त्याचं सेटिंग चालूच ठेवा.

५. क्लास कोडमध्ये आहे, डॉक्सच्या पानावरही आहे, तरी ‘रेफरन्स टार्गेट नॉट फाउंड’. आता काय करायचं?

वही उघडायची. प्रत्येक एचटीएमएल बिल्डमध्ये ‘ऑब्जेक्ट्स डॉट इन्व्ह’ नावाची फाइल बनते. तिच्या पहिल्या चार ओळी साध्या मजकुराच्या आणि पुढचा भाग झेडलिबने दाबलेला, त्यामुळे एडिटरमध्ये उघडली तर कचरा दिसतो. पण स्फिंक्ससोबतच वाचक येतो: पायथनला ‘एम’ पर्याय देऊन इंटरस्फिंक्स (दुसऱ्या प्रोजेक्टच्या डॉक्सकडे रेफरन्स जोडणारं) मॉड्यूल चालवा आणि पुढे फाइलीचा पत्ता द्या. पूर्ण यादी प्रकारानुसार बाहेर पडते. त्यात ग्रेपने आपलं नाव शोधा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

नाव यादीत नाही. मग पानावर जे दिसतंय ते नुसतं शीर्षक आहे. क्लासची डायरेक्टिव्ह (दोन टिंबांनी सुरू होणारी सूचना) तिथे नाहीच, किंवा ‘नो-इंडेक्स’ पर्याय लावलेला आहे. एकाच क्लासचं वर्णन दोन पानांवर आल्यावर डुप्लिकेटची वॉर्निंग बंद करायला लोक हा पर्याय दोन्हीकडे लावून टाकतात. मग नोंद कुठेच राहत नाही.

नाव आहे, पण लांब. तुम्ही ‘सेशन’ लिहिलंय आणि नोंद आहे ‘पॅकेज डॉट क्लायंट डॉट सेशन’. अर्धवट नाव टूल फक्त चालू मॉड्यूलच्या आणि चालू क्लासच्या संदर्भात जुळवून पाहतं. पूर्ण नाव लिहा, किंवा फाइलीच्या वर ‘करंट-मॉड्यूल’ डायरेक्टिव्ह द्या. पूर्ण नाव पानावर बोजड दिसत असेल तर त्याच्या आधी ~ लावा. दिसताना फक्त शेवटचा तुकडा दिसतो, शोधताना पूर्ण नाव वापरलं जातं.

नाव आहे, पण प्रकार वेगळा. तुम्ही ‘क्लास’ रोल वापरलाय आणि वहीत ती गोष्ट ‘फंक्शन’ किंवा ‘डेटा’ म्हणून बसलेली आहे. कोडमध्ये एखाद्या क्लासचं फॅक्टरी फंक्शन झालं की हे घडू शकतं. ‘ऑब्ज’ रोल प्रकाराबद्दल सोवळं पाळत नाही, पण मी तो शेवटचा उपाय ठेवतो, कारण रोल बरोबर असला तर प्रकार बदलल्यावर कळतं तरी.

६. आमच्याकडे क्लास आतल्या खासगी मॉड्यूलमध्ये आहे आणि वरच्या पॅकेजमधून बाहेर दिलाय. डॉक्समध्ये बाहेरचं नाव, वॉर्निंगमध्ये आतलं. दोघांची गाठ कशी घालायची?

सगळ्यात जास्त वेळ हाच प्रश्न खातो. क्लास जिथे लिहिला त्या मॉड्यूलचं नाव पायथन क्लासवरच ‘मॉड्यूल’ या डंडर (दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोअर असलेल्या) अ‍ॅट्रिब्यूटमध्ये कोरून ठेवतो. वाचणाऱ्यासाठी तो ‘पॅकेज डॉट सेशन’ असतो. स्वतः क्लासला विचारलं तर तो ‘पॅकेज डॉट _कोअर डॉट सेशन’ सांगतो. टाइप हिंटमधून रेफरन्स बनवताना ऑटोडॉक क्लासलाच विचारतो, आणि तिथे आतलं नाव येतं.

स्फिंक्स ४ पासून यावर नीट उपाय आहे. पायथनच्या डायरेक्टिव्हना ‘कॅनॉनिकल’ पर्याय मिळाला: बाहेरच्या नावाच्या नोंदीलाच आतलं नाव टोपणनाव म्हणून जोडता येतं. ऑटोक्लास वापरत असाल तर दोन नावं वेगळी दिसल्यावर हे आपोआप होतं. हाताने डायरेक्टिव्ह लिहिली असेल तर पर्याय तुम्हीच लिहायचा. ‘आमचं व्हर्जन नवं आहे तरी होत नाही’ म्हणणाऱ्यांची डायरेक्टिव्ह बऱ्याचदा हाताने लिहिलेली निघते.

दुसरा रस्ता: पॅकेजच्या इनिट फाइलीत ते डंडर अ‍ॅट्रिब्यूटच बाहेरच्या नावावर सेट करणं. काही मोठ्या लायब्ररी हे करतात, आणि त्याने एररमध्येही सुबक नाव दिसतं. पण हा बदल डॉक्सपुरता राहत नाही, चालत्या कोडमधला आहे. पिकल करताना (ऑब्जेक्ट साठवून परत वाचताना) क्लास याच नावाने शोधला जातो, म्हणून बाहेरचं नाव खरोखर इम्पोर्ट होतं याची खात्री केल्याशिवाय हात लावू नका. मी एकदा घाईत हे केलं आणि नावात एक अक्षर चुकवलं. डॉक्सच्या वॉर्निंग गेल्या, टेस्ट पडल्या.

७. टाइप हिंटमधलं ‘टी’ सापडत नाही म्हणतो. ते टाइपव्हार (कुठल्याही प्रकारासाठी जागा धरणारं नाव) आहे, त्याचं पान कुठून आणू?

आणू नका. त्याला पान नसणं बरोबरच आहे. सरळ दुर्लक्ष-यादीत टाका (प्रश्न १५).

टाइपच्या उपनावांचं मात्र वेगळं. तुम्ही ‘हेडर्स’ नावाचं उपनाव केलंत आणि डॉक्समध्ये ते ‘डेटा’ म्हणून नोंदवलंत. हिंटमधून येणारा रेफरन्स मात्र नेहमी ‘क्लास’ प्रकाराचा असतो. नाव तंतोतंत जुळतं, प्रकार जुळत नाही, आणि माणूस तासभर स्पेलिंग बघत बसतो. इथे कॉन्फ फाइलीत ‘मिसिंग-रेफरन्स’ इव्हेंटला एक छोटं फंक्शन जोडा: क्लास म्हणून सापडलं नाही तर तेच नाव ‘ऑब्ज’ म्हणून शोध. दहा-बारा ओळींत होतं. हिंट स्ट्रिंग म्हणून राहत असतील, म्हणजे फाइलीच्या वर फ्यूचरमधून अ‍ॅनोटेशन्स इम्पोर्ट केलं असेल, तर ऑटोडॉकचं टाइप-अलायसेसचं सेटिंगही पाहा.

वारसा दाखवताना ‘बेसेस’ मध्ये खासगी मिक्सिनचं नाव आलं, तर ते लपवायचं की त्याचं पान करायचं हा डॉक्सचा नव्हे, एपीआयचा प्रश्न आहे. कोड लिहिणाऱ्याला विचारा.

८. ‘मोअर दॅन वन टार्गेट फाउंड’ म्हणजे?

नावाच्या आधी टिंब देऊन लिहिलं की टूल त्या नावाने संपणारी कुठलीही नोंद चालवून घेतं. ‘.क्लोज’ असं लिहिलंत आणि क्लोज मेथड पाच क्लासमध्ये असेल तर हेच होणार. टिंब काढा, पूर्ण नाव लिहा, दिसायला छोटं हवं तर ~ लावा.

९. दुसऱ्या लायब्ररीच्या डॉक्सकडे जाणारे रेफरन्स कालपर्यंत चालत होते. आज एकही नाही. आम्ही काहीच बदललं नाही!

तुम्ही नसेल बदललं, समोरच्याने बदललं. इंटरस्फिंक्स समोरच्या साइटवरून तीच ऑब्जेक्ट्सची वही डाउनलोड करतो. ती साइट नव्या पत्त्यावर गेली, डॉक्स दुसऱ्या टूलवर नेली, किंवा त्या क्षणी बंद होती, की तिकडे जाणारे सगळे रेफरन्स एकदम पडतात. लॉगच्या सुरुवातीला ‘इन्व्हेंटरी हलली’ किंवा ‘इन्व्हेंटरीपर्यंत पोहोचता आलं नाही’ अशा अर्थाची ओळ शोधा. आधी ती सोडवा.

‘काल चालत होतं’ यालाही कारण आहे. आणलेली वही मुळात पाच दिवस कॅशमध्ये राहते. म्हणजे समोरचा बदल चार दिवसांपूर्वीचा असू शकतो. तुमच्या लॅपटॉपवर आजही सगळं सुरळीत आणि कोऱ्या मशीनवर कोसळलेलं.

स्वतः स्फिंक्स अपग्रेड केला असेल तर दोन ठिकाणं तपासा. इंटरस्फिंक्सचं मॅपिंग (कुठल्या प्रोजेक्टची डॉक्स कुठल्या पत्त्यावर ते सांगणारं सेटिंग) लिहायची जुनी पद्धत, म्हणजे नाव न देता थेट पत्ता, आवृत्ती ८ मध्ये काढून टाकली. आणि आवृत्ती ५ पासून ‘डॉक’ रोल बाहेरच्या प्रोजेक्टमध्ये आपोआप शोधत नाही. बाहेरचंच पान हवं असेल तर मॅपिंगमधलं नाव पुढे लावा किंवा ‘एक्स्टर्नल’ रोल वापरा.

समोरच्याची वही वाचायला प्रश्न ५ मधलीच कमांड चालते, फाइलीऐवजी वेब पत्ता द्यायचा. नाव अर्धवटच आठवत असेल तर ‘एसफॉबइन्व्ह’ नावाचं छोटं टूल जवळची नावं सुचवतं आणि कुठला रोल वापरायचा तेही सांगतं.

१०. लिंकचेक चालवतो, सगळं ठीक येतं. मग क्रॉस-रेफरन्स तुटलेले कसे?

लिंकचेक वेब पत्ते तपासतो. तुटलेला क्रॉस-रेफरन्स पत्ता बनलेलाच नसतो, तपासणार काय? दोन्ही लागतात, पण वेगवेगळे. लिंकचेक रोज रात्री वेगळा चालवा आणि निटपिकी प्रत्येक पीआरला (कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावाला). परक्या साइटच्या चुकीसाठी कुणाचा पीआर अडवून ठेवू नका.

११. मराठी डॉक्समध्ये रेफरन्सला ‘च्या’, ‘ला’, ‘मध्ये’ जोडलं की लिंकच बनत नाही. बग आहे का?

बग नाही, नियम आहे, पण तो प्रत्यय न जोडणाऱ्या भाषांसाठी लिहिल्यासारखा आहे. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये (स्फिंक्सच्या फाइलींच्या लेखनपद्धतीत) मार्कअप बंद करणाऱ्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह यावंच लागतं. अक्षर आलं की तो बंद झालाय असं धरलंच जात नाही.

```
:क्लास:`सेशन`च्या आत कुकी राहतात.      (चालत नाही)
:क्लास:`सेशन`\ च्या आत कुकी राहतात.    (चालतं)
```

बॅकस्लॅश आणि एक स्पेस. छापताना दोन्ही नाहीशी होतात आणि ‘सेशनच्या’ असं जोडून दिसतं. भाषांतर पीओ फाइलीत (मूळ वाक्य आणि भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलीत) करत असाल तर तिथे बॅकस्लॅश स्वतःच एस्केप करावा लागतो, म्हणून दोन बॅकस्लॅश लिहा. इथेच बहुतेकांचा पहिला दिवस जातो.

‘सेशन या क्लासच्या आत’ अशी वाक्यरचना फिरवून घेणारेही आहेत. एखाद्या वेळी बरं वाटतं; पानभर ‘या क्लासच्या’, ‘या मेथडला’ वाचताना सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं होतं. बॅकस्लॅश बरा. डॉकयूटिल्समध्ये (स्फिंक्स ज्यावर उभा आहे त्या टूलमध्ये) अक्षराच्या पातळीवर मार्कअप ओळखायचं सेटिंग आहे, पण ते लावल्यावर कुठे नको तिथे मार्कअप ओळखलं जातंय का हे तपासत बसावं लागतं. मार्कडाउनच्या कोडच्या बॅकटिकला मात्र ही अट नाही.

१२. देवनागरी शीर्षकांच्या लिंक दर बिल्डला बदलतात. कशा थांबवायच्या?

शीर्षकावरून अँकर (पत्त्यातला # नंतरचा भाग) बनवताना डॉकयूटिल्स फक्त साधी रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन ठेवतो. देवनागरी शीर्षकातून काहीच उरत नाही, म्हणून तो ‘आयडी’ आणि पुढे क्रमांक असा अँकर देतो. वर एक नवं शीर्षक घातलं की खालचे सगळे क्रमांक सरकतात. दर बिल्डला नाही, पण दर अशा बदलाला तुम्ही बाहेर वाटलेल्या लिंक भलत्याच भागात उघडतात. तिथे काही ना काही उघडतं, म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

प्रत्येक महत्त्वाच्या शीर्षकाच्या वर रोमन लेबल द्या (लिहायची पद्धत प्रश्न ४ मध्ये). लेबलचा स्वतंत्र अँकर बनतो आणि तो शीर्षक बदललं तरी हलत नाही. लेबलमधला अंडरस्कोअर पत्त्यात हायफन होतो एवढं ध्यानात ठेवा.

क्रमांकांचा तोटा मला दुसरीकडून शिकायची गरज नाही. हेच पान लिहिताना मी मध्ये एक प्रश्न घुसडला आणि ‘प्रश्न अमुक पाहा’ असं जिथे जिथे होतं तिथे हाताने सुधारत बसलो.

१३. पीओ फाइलीचं भाषांतर केलं आणि ‘इनकन्सिस्टंट रेफरन्सेस’ अशी वॉर्निंग आली.

मूळ वाक्यातले रेफरन्स आणि तुमच्या वाक्यातले रेफरन्स यांची संख्या जुळत नाही. एक तर रेफरन्स गळला, किंवा प्रश्न ११ मधला प्रत्यय चिकटल्याने तो ओळखला गेला नाही. वॉर्निंगमध्ये मूळ आणि भाषांतर दोन्ही याद्या असतात. शेजारी ठेवून वाचा. कोनी कंसातलं नाव कधीही भाषांतरित करू नका, कंसाच्या आधीचा मजकूर करा.

१४. फंक्शन काढून टाकलं किंवा नाव बदललं. जुन्या रेफरन्सचं काय?

चालू मार्गदर्शक पानांवर नवं नाव लिहा, यात वाद नाही. पण शोधून-बदलून पूर्ण फोल्डरवर फिरवू नका, कारण मध्ये चेंजलॉग येतो. ‘अमुक आवृत्तीत हे फंक्शन आलं’ या जुन्या नोंदीत नवं नाव घातलंत तर इतिहास खोटा होतो. तिथे जुनंच नाव ठेवा आणि त्याच्या आधी ! लावा. रोल राहतो, अक्षरं कोडसारखी दिसतात, पण टूल लिंक शोधायला जात नाही आणि निटपिकीही गप्प राहतो.

नाव नेमकं कधी गेलं ते माहीत नसेल तर गिट लॉगला मोठ्या ‘एस’ चा पर्याय आणि जुनं नाव द्या. ते नाव ज्या कमिटमध्ये आलं किंवा गेलं तेवढेच कमिट दिसतात.

बाहेरून येणाऱ्यांसाठी रीडायरेक्ट ठेवा, पण त्याची मर्यादा ओळखून. पत्त्यातला # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. पान हललं तर सर्व्हर नव्या पानाकडे वळवू शकतो, आणि ब्राउझर अँकर सोबत नेतो. पण एका पानाची दोन पानं केलीत आणि अर्धे अँकर इकडे, अर्धे तिकडे गेले, तर कोणाला कुठे पाठवायचं हे सर्व्हरला कळायचा मार्ग नाही. अशा वेळी जुन्या पानावर एक ओळ आणि दोन लिंक ठेवणं सगळ्यात कमी त्रासाचं.

१५. दुर्लक्ष-यादीत नाव टाकणं म्हणजे फसवणूक नाही का?

कारण लिहिलं असेल तर नाही. टाइपव्हार, वही न देणाऱ्या परक्या लायब्ररी, मुद्दाम लपवलेले बेस क्लास, हे ‘निटपिक-इग्नोर’ मध्ये शोभतात. प्रत्येकावर एक कॉमेंट ठेवा. स्फिंक्स ४.१ पासून रेगेक्सची यादीही आहे, आणि घात तिथे होतो: स्वतःच्याच पॅकेजच्या नावाने सुरू होणारं सगळं गिळणारा पॅटर्न मी पाहिला आहे. तो लिहिणाऱ्याने निटपिकी बंद केला असता तरी फरक पडला नसता. अधूनमधून पूर्ण यादी कॉमेंट करून एकदा बिल्ड करा. ज्यांच्या वॉर्निंग आल्याच नाहीत ती नावं काढून टाका.

१६. माझ्या मशीनवर बिल्ड स्वच्छ, सीआयवर (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) फुटतो. उलटही होतं.

स्फिंक्स मागच्या बिल्डची वही जपून ठेवतो आणि फक्त बदललेल्या फाइली पुन्हा वाचतो. तुम्ही एका फाइलीतलं लेबल काढलंत. त्याला बोलावणारी दुसरी फाइल बदललेलीच नाही, म्हणून ती पुन्हा लिहिली जात नाही आणि तिची वॉर्निंगही येत नाही. सीआयचं मशीन कोरं असतं, तिथे सगळं उघडं पडतं. मोठा ‘ई’ आणि लहान ‘ए’ हे दोन पर्याय देऊन बिल्ड करा, किंवा सरळ बिल्ड फोल्डर उडवा.

उलटं होत असेल तर सीआयवर मोठ्या ‘डब्ल्यू’ चा पर्याय नाही एवढाच अर्थ. तो वॉर्निंगला एरर बनवतो. पहिल्या एररला थांबू नये म्हणून सोबत ‘कीप-गोइंग’ द्या. नव्या आवृत्त्यांत ते न देताही तसंच होतं. तरी फरक राहिला तर दोन्हीकडचा स्फिंक्स आणि डॉकयूटिल्सचा आकडा जुळवा.

१७. पहिला पीआर म्हणून चार रेफरन्स दुरुस्त करून पाठवले तर चालेल?

चालेल, आवडेल. एका पीआरमध्ये एकाच कारणाचे रेफरन्स ठेवा आणि आधीची वॉर्निंग वर्णनात चिकटवा. जाता जाता वाक्यं सुधारायचा मोह टाळा.

१८. आम्ही स्फिंक्स वापरत नाही. आमच्यासाठी काय?

जावाडॉकला जेडीके ८ पासून डॉकलिंट आहे आणि न सापडलेला रेफरन्स तो एरर म्हणून दाखवतो. लिंक टॅगमध्ये मेथडचे पॅरामीटर लिहिताना जेनेरिकचे कोनी कंस नकोत: ‘लिस्ट’ एवढंच, ‘स्ट्रिंगची लिस्ट’ नाही.

रस्टवाले सुखी. आवृत्ती १.४८ पासून, म्हणजे २०२० पासून, चौकोनी कंसात नाव लिहिलं की रस्टडॉक ते कोडच्या स्कोपमध्ये शोधतो, आणि तुटलं तर मुळातच वॉर्निंग देतो. एकाच नावाचं मॉड्यूल आणि फंक्शन असेल तर नावापुढे प्रकार आणि @ लावून सांगता येतं. गोमध्ये १.१९ पासून अशाच कंसांच्या लिंक आहेत, पण नाव सापडलं नाही तर कंस तसेच छापले जातात. ते डोळ्यांनीच शोधावे लागतात.

डॉक्सिजनमध्ये वॉर्निंगला एरर बनवायचं सेटिंग आहे, बाहेरच्या प्रोजेक्टसाठी टॅगफाइल आहेत, आणि नको असलेली आपोआप लिंक तोडायला शब्दाआधी % लागतो. एमकेडॉक्सवाल्यांनी ‘स्ट्रिक्ट’ शिवाय बिल्डच करू नये.

१९. रेफरन्स जुळतो, वॉर्निंग नाही, पण लिंक भलत्याच लायब्ररीच्या पानावर जाते! हे कसं शक्य आहे?

नाव आपल्या वहीत सापडलं नाही की स्फिंक्स इंटरस्फिंक्सच्या वह्या चाळतो. तुम्ही स्वतःचं ‘इन्स्टॉलेशन’ लेबल काढलंत, आणि मॅपिंगमधल्या एखाद्या प्रोजेक्टमध्ये त्याच नावाचं लेबल असलं, तर तुमची ‘इन्स्टॉल कसं करावं’ ही लिंक मुकाट त्यांच्या पानावर जाते. निटपिकीच्या दृष्टीने सगळं आलबेल, कारण नाव सापडलं. लिंकचेकच्या दृष्टीनेही, कारण पान अस्तित्वात आहे.

दोन गोष्टी करा. लेबलांना प्रोजेक्टचा उपसर्ग लावा. ‘इन्स्टॉलेशन’, ‘एपीआय’, ‘चेंजेस’ ही नावं प्रत्येकाकडे असतात. आणि इंटरस्फिंक्सच्या ‘डिसेबल्ड-रेफटाइप्स’ मध्ये * टाका. मग मॅपिंगचं नाव पुढे लावल्याशिवाय किंवा ‘एक्स्टर्नल’ म्हटल्याशिवाय कुठलाही रेफरन्स बाहेर जात नाही. हे केल्यावर पहिल्या बिल्डमध्ये पुन्हा एकदा वॉर्निंगचा पाऊस पडेल. बहुतेक ओळी परक्या क्लासच्या असतील, त्यांना उपसर्ग लावून टाका. मधेच ‘अनडिफाइंड लेबल’ दिसेल ते मात्र थांबून बघा; त्यातली काही महिनोन् महिने दुसऱ्याच्या घरी जात असतील.